सी३ चं प्यादं

पांढरा : राजा जी२, हत्ती डी१, प्यादी सी३, एफ२, जी३, एच४. काळा : राजा जी८, हत्ती सी८, प्यादी बी६, एफ७, जी६, एच५. चाल पांढऱ्याची.

पट जवळ असेल तर आधी एवढं मांडून घ्या (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८, पांढरा १ च्या बाजूला). पुढचं सगळं या स्थितीवरूनच निघालं आहे.

पांढरी मोहरी नववीतल्या एका मुलाकडं होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत रविवारी सकाळी मी काही पोरांना बुद्धिबळ शिकवतो, त्यांतला हा सगळ्यांत तिखट. किंगसाइडला कॅसलिंग करून, म्हणजे हत्तीशी जागा बदलून कोपऱ्यात बसलेला राजा दिसला की याचा उंट एच७ वर पडलाच म्हणून समजा. वजीर देऊन मात करायची कोडी तो आइस्क्रीम खाल्ल्यासारखी फस्त करतो. स्पर्धेत मात्र त्याचे गुण अर्ध्यावरच अडकायचे. हरलेल्या डावांचे कागद बघितले तर दर दुसऱ्या डावात एकच गोष्ट : हल्ला चांगला, समोरच्यानं तो कसाबसा परतवलेला, वजिरा-वजिरी झालेली (दोघांचे वजीर मारले गेलेले), आणि तिथून पुढं पंधरा-वीस चालींत डाव गेलेला.

वरची स्थिती अशाच एका डावातली. समोर सांगलीचा मुलगा होता. सांगलीत बुद्धिबळ जुनं आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं तिथं पिढ्यान्‌पिढ्या पोरं बसवली आहेत. तिकडचा खेळाडू समोर आला की डाव लांबणार हे धरूनच चालायचं.

काळ्या हत्तीची नजर सी३ वर आहे. आपल्या गड्यानं घड्याळाकडं न बघता हत्ती सी१ वर आणला. प्यादं वाचलं. काळ्यानं हत्ती सी४ वर रोवला. पांढरा हत्ती सी२. आता काळ्या राजाची वाट बघा : एफ८, ई७, डी६, डी५, ई४, डी३. तेवढ्या वेळात पांढरा राजा जी१, जी२, जी१, जी२ असा घरातल्या घरात फेऱ्या मारत होता. डी३ वर पोचलेल्या राजानं सी२ वरच्या हत्तीलाच हात घातला. हत्ती ए२ ला पळाला, सी३ पडलं, बी-पट्टीवरचं प्यादं मोकळं सुटलं. त्यापुढचा कागद मी त्याला वाचायला लावला नाही.

पहिल्याच चालीला हत्ती डी६ केला असता तर? काळा सी३ घेतो, पांढरा बी६ घेतो. दोघांकडं एकाच बाजूला तीन-तीन प्यादी, दोघांचे हत्ती मोकळे. दहा चाली इकडं-तिकडं करून हात मिळवायचा. काळ्यानं आधी बी५ करून प्यादं पुढं ढकललं तर हत्ती बी६, परत तेच. यात खोल काहीच नाही. वजीर पटावर असताना हीच चाल असती तर या मुलानं ती दोन सेकंदांत खेळली असती. तू माझं खातोस तर मी तुझं खातो, हे त्याच्या रक्तात आहे. वजीर डब्यात गेले की मात्र तो वेगळाच मुलगा होतो. प्यादी मोजतो, झाकतो, राजाला कोपऱ्यात ठेवतो. माझ्या दृष्टीनं प्रकरण एवढंच होतं. एंडगेमचं, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या शेवटाचं ज्ञान कमी, हे खरं, पण त्याआधी हल्ल्याची नजरच बंद पडत होती.

वडिलांचं निदान वेगळं होतं. त्यांचं उद्यमनगरात सुट्या भागांचं दुकान आहे. हिशेबाला पक्के, पोरासाठी खर्चाला तयार. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला तेव्हापासून त्यांच्या मोबाईलवर ओपनिंगच्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती यायला लागल्या होत्या. "सर, सुरुवातच भक्कम करूया की. कोर्स लावतो, तुम्ही फक्त कुठला ते सांगा." मी त्यांना त्या लढतीतला, सिंगापूरचा चौदावा डावच दाखवला. गुकेशकडं एक प्यादं जास्त, दोघांकडं एकेक हत्ती, एकेक उंट, सगळं जग बरोबरी धरून बसलेलं. पंचावन्नाव्या चालीला समोरच्या डिंगनं, तोवरच्या चिनी जगज्जेत्यानं, हत्ती एफ२ वर नेला. हत्ती मारले गेले, मग उंट मारले गेले, उरला राजा-प्याद्यांचा साधा शेवट आणि तो गुकेशचा जिंकलेला. जगज्जेतेपद अशा ठिकाणी ठरलं, तिथं ओपनिंगचा कोर्स काय करणार? वडील हसले, पण कोर्सचं डोक्यातून गेलेलं दिसलं नाही. असो.

मुलाला थेट एंडगेमचं पुस्तक हातात देण्यात अर्थ नव्हता. लुसेना, फिलिडोर ही हत्तीच्या शेवटातल्या ठरीव स्थितींची नावं तो पाठ करेल आणि पटावर विसरेल. त्याला अशा माणसाचे डाव हवे होते ज्याच्याकडं हल्ला आणि शेवट यांच्यात भिंत नाही. मी कापाब्लांका निवडला. होजे राउल कापाब्लांका, जन्म हवानात १८८८ चा, १९२१ ते १९२७ जगज्जेता. पोरांना अल्येखिन किंवा ताल हे दुसरे जगज्जेते जास्त आवडतात, कारण त्यांच्या डावात आग दिसते. कापाब्लांकाच्या डावात धूर दिसत नाही, भिंत काळी झालेली दिसते. एवढ्याच कारणानं तो "बोअर" आहे असं म्हणणाऱ्या पोरांशी मी वाद घालत नाही. दोन डाव दाखवतो.

पद्धत जुनीच. पट लाकडी, मोबाईल बाहेर चपलांजवळ, चाली एका कागदावर आणि त्यावर पोस्टकार्ड. चाल ओळखायची, कारण सांगायचं, मग पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवायचं. कारण न देता ओळखलेली चाल धरायची नाही. हा नियम त्याला सगळ्यांत जास्त टोचला.

पहिला डाव त्याला आवडेल असा घेतला. मॉस्को, १९१४, बर्नस्टाइन पांढरा, कापाब्लांका काळा. या डावात काळ्याचं एक मोकळं प्यादं सी३ वर जाऊन बसतं. बर्नस्टाइनचे दोन्ही हत्ती सी-पट्टीवर त्या प्याद्यासमोर, घोडा भोवती घुटमळतोय. शेवटी घोडा बी५ वरून ते प्यादं खातो. मग घोडा घोड्याला, हत्ती हत्तीला, सी३ वर सगळी मारामारी होते आणि धुरळा बसतो तेव्हा पांढऱ्याकडं एक प्यादं जास्त असतं. पांढरा : राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी३, प्यादी ए२, ई३, एफ२, जी२, एच२. काळा : राजा जी८, वजीर बी६, हत्ती डी८, प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. चाल काळ्याची.

मुलाचा हात लगेच वजिराकडं. "बी१ ला शह! वजीर मध्ये एफ१ ला येणार, मग हत्ती डी१. वजीर पिन, राजासमोर अडकला, संपलं." चेहरा असा की आता टाळ्या वाजवा. मी पांढरा हत्ती सी३ वरून उचलून सी८ वर ठेवला. शह. काळा हत्ती परत डी८ ला आला तर हत्तीनं तो खाल्ला की मात. काळ्या राजासमोर तीन प्यादी जागच्या जागी, खिडकीच नाही. मागची रांग दोघांचीही उघडी आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. शह दिसला की द्यायचा, ही त्याची सवय. बराच वेळ तो पटाकडं बघत बसला. मग पोस्टकार्ड सरकवलं.

वजीर बी२.

शह नाही, काही खाल्लं नाही, उलट वजीर पांढऱ्या वजिराच्या तोंडासमोर. पांढऱ्यानं तो खाल्ला तर हत्ती डी१ आणि मात. हत्ती सी२ वर आणला तर आता बी१ चा शह खरा : वजीर एफ१ ला येतो आणि सी२ वरचा हत्ती फुकट जातो. वजीर ई१ वर नेला तर काळा वजीर सी३ वरचा हत्ती खातो, आणि त्या वजिराला खायला गेलं की हत्ती डी१ ला शह, वजीर मध्ये ई१ ला, तोही खाल्ला की मात. बर्नस्टाइननं तिथंच डाव सोडला.

मुलगा खूश. त्याला वजीर-बलिदान सापडलं होतं. मला त्याच्याकडून दुसरं काहीतरी हवं होतं. चाली उलट्या फिरवून पट घोडा बी५ वर असतानाच्या स्थितीला आणला आणि विचारलं, "हे प्यादं बर्नस्टाइननं का खाल्लं?" म्हणाला, "फुकट होतं म्हणून." "आणि तू तुझं सी३ का वाचवलंस?" जरा थांबून, "फुकट जाईल म्हणून." तेवढ्यावर त्या दिवशीचं काम संपवलं.

पुढच्या रविवारी दुसरा डाव. न्यूयॉर्क, १९२४. स्पर्धा लास्करनं जिंकली, कापाब्लांका दुसरा, अल्येखिन तिसरा. याच स्पर्धेत आधीच्या फेरीत रेटीनं कापाब्लांकाला हरवलं होतं, १९१६ नंतरची त्याची पहिली हार. नंतर समोर आला टार्टाकोवर, डच बचाव (काळ्याची एक सुरुवात) घेऊन.

या डावाची सुरुवात मी भरभर उरकली. पंचविसाव्या चालीला वजीर गेले, मागोमाग ई-पट्टीवरचे हत्ती गेले. कापाब्लांकानं एच-प्यादं पुढं घालून पट्टी उघडली, हत्ती एच१ आणि तिथून एच७ वर. मग जी-प्यादं पुढं, उंट देऊन घोडा मारला. चौतीस चालींनंतर पटावर हे उरलं.

पांढरा : राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा : राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. पाच-पाच प्यादी. चाल पांढऱ्याची आणि काळा हत्ती सी३ वर टपलेला.

"सर, हे तर माझंच हाय की!" कोल्हापूरचं पोरगं चकित झालं की शाळेची भाषा गळून पडते. मी म्हटलं, मग खेळ की. हत्ती एच३ वर नेऊन आडव्या रांगेनं सी३ झाकायचं, ही त्याची पहिली चाल, पण मध्ये एफ३ वर आपलाच राजा. दुसरी, राजा ई३ आणि मग डी३, म्हणजे राजानंच प्यादं धरून बसायचं, पण राजा पोचायच्या आधीच काळा हत्ती ते शहासकट खातो. हत्ती एच७ वरून उठला तर काय होईल ते मी त्यालाच पटावर करून बघायला सांगितलं. आत्तापर्यंत आठव्या रांगेत कोंडलेला काळा राजा लगेच जी७ वर येतो, जी-प्याद्याच्या वाटेत उभा राहतो. त्यानं हत्ती गुपचूप परत ठेवला. पोस्टकार्ड खाली.

राजा जी३.

सी३ सोडलं, आणि काळ्याला ते शहासकट घ्यायला दिलं. हत्ती सी३ वर, राजा एच४. काळा हत्ती एफ३ वर, आता एफ४ वर डोळा. पांढरा त्याकडंही बघत नाही, प्यादं जी६. हत्तीनं एफ४ खाल्लं, परत शह. राजा जी५. काळा हत्ती ई४.

"दोन गेली," मुलगा पुटपुटला. मोजत होता.

आता या प्रकरणातली माझी सगळ्यांत आवडती चाल. एफ५ वरचं काळं प्यादं राजाच्या शेजारीच उभं आहे, फुकट. दोन प्यादी दिलेल्या माणसानं एक तरी परत घ्यावं की नाही? कापाब्लांका घेत नाही. राजा एफ६. ते प्यादं तिथंच राहू देतो, कारण एफ-पट्टीवरून हत्तीचे शह यायला लागले तर मध्ये हेच काळं प्यादं आडवं येतं. शत्रूचं प्यादं छत्रीसारखं डोक्यावर धरून राजा एफ६ वर उभा. आणि धमकी काय? हत्ती एच८, मात. राजा एफ८ वरून कुठं जाणार : ई७, एफ७, जी७ पांढऱ्या राजानं धरलेली, आठवी रांग हत्तीची.

मी मुलाला एवढंच विचारलं, "आता हा एंडगेम आहे का अटॅक?"

उत्तर आलं नाही, पण मोजणं थांबलं होतं. काळा राजा जी८ वर. हत्ती जी७ ला शह, राजा कोपऱ्यात एच८, हत्तीनं सी७ खाल्लं, आणि सी८ वर परत मात करायची धमकी, म्हणून काळा हत्ती ई८ ला घरी. आता, धोका संपल्यावर, राजानं एफ५ घेतलं. प्यादी तीन-तीन. पण काळा राजा कोपऱ्यात, काळा हत्ती आठव्या रांगेत, पांढरा राजा पटाच्या मधोमध. पुढच्या काही चालींत ए७ पडलं, डी५ पडलं, डी-प्यादं चालत निघालं आणि बावन्नाव्या चालीला टार्टाकोवरनं डाव सोडला.

या डावात बर्नस्टाइनविरुद्धच्या डावापेक्षा जास्त हल्ला आहे असं माझं मत आहे. तिथं कापाब्लांकानं एक चूक टिपली, चमकदारपणे टिपली. इथं पटावर फक्त हत्ती आणि राजा, तरी मात करायची धमकी तीनदा येते, आणि हल्ला करणारं मुख्य मोहरं राजा आहे. जो राजा आपण पोरांना पहिल्या दिवसापासून "लपव, लपव" शिकवतो, तोच. दोष पोरांचा थोडा आणि शिकवण्याच्या पद्धतीचा जास्त. कापाब्लांका स्वतः शिकवताना साध्या माता आणि शेवटापासून सुरुवात करायचा. आपण सुरुवात ओपनिंगपासून करतो, मग डाव शेवटाला पोचतो तेव्हा पोरगं थकलेलं आणि रिकाम्या हातानं असतं.

त्या रविवारी मुलाचे आजोबा न्यायला आले होते. तरुणपणी तालमीत घुमलेले, खासबागेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायला लागले की दुपार होते. नातवानं त्यांना पट दाखवला, राजा कसा एफ३ वरून एफ६ ला गेला ते बोटानं दाखवलं. आजोबांना चाली कळल्या नाहीत, पण दोन प्यादी दिली हे कळलं. "खाली पडल्यावर गुडघं टेकून बसलास तर पैलवान ताबा सोडत न्हाई. अंगावर माती बसली तरी चालंल, उठायलाच लागतंय." मुलाला हे माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा लवकर पटलं, हे मला जरा लागलं.

मग त्याच्या स्वतःच्या डावावर परत आलो. पहिली स्थिती मांडली, मी काळा, तो पांढरा. त्यानं हत्ती डी६ खेळला, बरोबरी झाली. हे अपेक्षितच होतं, उत्तर माहीत होतं. म्हणून मी स्थिती थोडी बदलली : पांढरा हत्ती डी१ ऐवजी आधीच सी१ वर, काळा सी४ वर, म्हणजे एक चूक झालेली आहे, आता काय? जुना मुलगा असता तर हत्ती सी२ करून बसला असता. त्यानं राजा एफ१ खेळला. काळ्या राजानं एफ८ केलं, यानं राजा ई२. मग राजा डी३, आणि सी४ वरच्या माझ्या हत्तीला उठावं लागलं. प्यादं राजानं धरलं, हत्ती मोकळा झाला. ही चाल मी सांगितली नव्हती, टार्टाकोवरच्या डावातही नव्हती. राजा बाहेर काढायचा एवढंच त्यानं उचललं होतं आणि बाकीचं पटावर शोधलं.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पुढच्याच स्पर्धेत त्यानं हत्तीच्या शेवटात एक प्यादं दिलं, चार चालींनी दुसरं दिलं, राजा घेऊन थेट समोरच्याच्या घरात घुसला, आणि हरला. कागद घेऊन आला तेव्हा चेहऱ्यावर तक्रार होती : कापाब्लांकानं दोन दिली, मी दोन दिली, मग?

दोन्ही स्थिती शेजारी-शेजारी मांडल्या. न्यूयॉर्कच्या डावात जी६ वर मोकळं प्यादं होतं, वजीर व्हायला दोन घरं उरलेली. हत्ती सातव्या रांगेवर होता आणि काळा राजा त्यामुळं आठवीत कोंडलेला. पांढऱ्या राजाला उभं राहायला शहांपासून आडोसा असलेलं घर होतं, एफ६. याच्या डावात राजा घुसला खरा, पण मोकळं प्यादं एकही नाही, आणि हत्ती पाचव्या रांगेवर, जिथून तो कुणाला कोंडत नव्हता. समोरच्याचा हत्ती मागून शह देत राहिला, राजा फिरत राहिला, प्यादी कमीच राहिली. त्यानं कापाब्लांकाचं धाडस घेतलं होतं, हिशेब तिथंच ठेवला होता. राजा जी३ खेळायच्या आधी एफ६ पर्यंतची वाट आणि तिथला आडोसा दिसावा लागतो, नाहीतर सी३ म्हणजे नुसतं गेलेलं प्यादं.

आता गृहपाठ बदलला आहे. प्यादं सोडायचं असेल तर सोडण्याआधी त्यानं वहीत दोन गोष्टी लिहायच्या : राजा शेवटी कुठल्या घरात जाऊन उभा राहणार, आणि तिथं त्याला शह कुठून येणार. घराचं नाव लिहिता आलं नाही तर प्यादं धरायचं, मग हत्ती कितीही अवघडला तरी. सध्या वहीत खोडाखोडच जास्त आहे. वडिलांनी कोर्स लावलाच, कॅरो-कान या काळ्याच्या ओपनिंगचा. आणि सांगलीचा तोच मुलगा पुढच्या महिन्यात परत समोर येण्याची शक्यता आहे.